३.१५ च्या जागी ५ अँपियरचा फ्यूज बसवावा का?

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. आपल्याकडे दर चॅनलला ८० वॉटचा, टोरॉइडल (कड्यासारख्या गोल) ट्रान्सफॉर्मरचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर आहे आणि त्याच्या पाठीवर फ्यूजसाठी 'टी ३.१५ ए एल, २५० व्ही' असे छापले आहे. एका परिचितांच्या सल्ल्यावरून आपण मूळ फ्यूज काढून 'ऑडिओफाइल' म्हणून विकला जाणारा, कित्येक हजारांचा फ्यूज बसवला. त्यावर निर्मात्याचे नाव, ३.१५ हा आकडा आणि एक बाण याखेरीज काही छापलेले नाही. काही दिवस तो चालला आणि एका संध्याकाळी अ‍ॅम्प सुरू करताक्षणी उडाला. विक्रेत्याचे म्हणणे असे की, या फ्यूजसाठी आकडा थोडा वरचाच घ्यावा लागतो, तेव्हा ५ अँपियरचा घ्या. हे सुरक्षित आहे का, आणि अशा फ्यूजने आवाज खरोखर सुधारतो का, असे आपण विचारले आहे.

५ अँपियरचा बसवू नका. हे उत्तर परिस्थितीवर अवलंबून नाही. आवाजाबद्दलचे उत्तर मात्र फ्यूज अ‍ॅम्पमध्ये नेमका कुठे आहे यावर अवलंबून आहे, त्याकडे पुढे येतो. मला मात्र असे वाटते की आपल्या दोन प्रश्नांच्या पोटात तिसरा प्रश्न आहे आणि खरा तोच आहे: ज्या दिवशी अ‍ॅम्पमध्ये मोठा बिघाड होईल, त्या दिवशी हा फ्यूज काय करील हे कोणी तपासले आहे? आवाजाची पारख आपण रोज करू शकता. फ्यूजचे काम मात्र क्वचित, बहुधा एकदाच घडते, आणि त्या वेळी आपण खोलीत असालच असे नाही. त्या कामाची खात्री ऐकून, वापरून किंवा किमतीवरून होत नाही. ती चाचणीच्या दाखल्यावरूनच करावी लागते. इंदूरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी या गोष्टीकडे बिघडलेल्या यंत्राच्या बाजूने पाहतो, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

फ्यूज ट्रान्झिस्टर वाचवण्यासाठी असतो, असा समज सरसकट आढळतो. आउटपुट ट्रान्झिस्टर फ्यूजच्या तारेपेक्षा बहुधा लवकर जातो, आणि स्पीकर वाचवण्याचे काम आउटपुटवरच्या प्रोटेक्शन रिलेचे असते. पाठीमागचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीआधीचा (प्रायमरी म्हणजे लाइनला जोडलेले वेढे) फ्यूज मुख्यतः एका कामासाठी असतो: आत काही बिघडले तर डब्यातली उष्णता आगीपर्यंत जाऊ नये. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांवरचे इन्सुलेशन, सर्किट बोर्ड, आणि ज्या लाकडी कपाटात अ‍ॅम्प ठेवला आहे ते कपाट, या सगळ्यांची राखण त्याच्याकडे आहे. आपल्याकडे या राखणदाराला जोडीदारही नाही. इंग्लंडमध्ये प्लगच्या आतच एक वेगळा फ्यूज असतो. आपल्या ६ आणि १६ अँपियरच्या प्लगमध्ये तो नसतो. त्यामुळे अ‍ॅम्पच्या फ्यूजनंतर थेट बोर्डावरचा एमसीबी येतो, आणि एमसीबी भिंतीतल्या वायरसाठी असतो, अ‍ॅम्पसाठी नाही. १६ अँपियरच्या एमसीबीतून २३ अँपियर वाहू लागले तरी तो पडायला तासाभरापर्यंत वेळ घेऊ शकतो. आणि तात्काळ पडायला घरात सर्रास असणाऱ्या 'सी' प्रकारच्या एमसीबीला ८० ते १६० अँपियर लागतात.

आता ३.१५ आणि ५ यांतला फरक आकड्यांत पाहू, कारण 'थोडा वरचा' या शब्दांत तो दिसत नाही. आपल्या अ‍ॅम्पवर छापलेल्या प्रकारासाठी आयईसी ६०१२७ या आंतरराष्ट्रीय मानकाची अपेक्षा अशी आहे की, छापील आकड्याच्या दीडपट प्रवाह फ्यूजने किमान तासभर वाहू द्यावा आणि २.१ पट प्रवाहाला दोन मिनिटांच्या आत तुटावे. फ्यूजवरचा आकडा ही तुटण्याची रेषा नसते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. या हिशेबाने ३.१५ चा फ्यूज सुमारे ४.७ अँपियर तासभर सोसतो आणि ६.६ अँपियरला दोन मिनिटांत जातो. ५ चा फ्यूज ७.५ अँपियर तासभर सोसतो आणि दोन मिनिटांत तुटण्यासाठी त्याला १०.५ अँपियर लागतात. समजा, ट्रान्सफॉर्मरचे काही वेढे आपसांत शॉर्ट झाले आणि प्रायमरीतून ७ अँपियर वाहू लागले. ३.१५ चा फ्यूज दोन मिनिटांच्या आत तुटेल. ५ चा फ्यूज तासभर तसाच बसून राहील आणि या सगळ्या काळात भिंतीतून १,६०० वॉटच्या आसपास शक्ती त्या बंद डब्यात ओतली जात राहील. घरातली साधी इस्त्री १,००० वॉटची असते. तेवढ्यावरून अंदाज करावा. काही ट्रान्सफॉर्मरांच्या वेढ्यांत उष्णतेने तुटणारा वेगळा फ्यूज पुरलेला असतो, तो असेल तर कदाचित वाचवील. पण तो आपल्या अ‍ॅम्पमध्ये आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही, आणि ज्याने पाठीवर ३.१५ छापले त्या कारखान्याने सुरक्षिततेच्या चाचण्या ३.१५ धरूनच केलेल्या असतात.

'टी' या अक्षराचे महत्त्व आकड्याइतकेच आहे. 'टी' म्हणजे धक्का सोसून उशिरा वितळणारा आणि 'एफ' म्हणजे झटपट वितळणारा. दहापट प्रवाहाला 'एफ' फ्यूजने २० मिलिसेकंदांच्या आत तुटले पाहिजे. 'टी' फ्यूजने मात्र किमान २० मिलिसेकंद टिकले पाहिजे आणि मग ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटले पाहिजे. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन बरोबर २० मिलिसेकंदांचे. टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर सुरू होतो तेव्हा पहिल्या एक-दोन आवर्तनांतच मोठा प्रवाह खेचतो. त्याच्या गाभ्यात हवेची फट नसते, मागच्या वेळी बंद करताना राहिलेले चुंबकत्व त्यात शिल्लक असते, आणि आपण बटण नेमके व्होल्टेज शून्यातून जात असताना दाबले तर गाभा संपृक्त होऊन प्रायमरी काही क्षण जवळजवळ नुसत्या वायरसारखी वागते. त्यावर रिकामे फिल्टर कपॅसिटर भरण्याचा प्रवाह वेगळा. हा धक्का नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट असू शकतो आणि तो दर वेळी सारखा नसतो, कारण बटण आवर्तनाच्या कोणत्या क्षणी दाबले जाते ते आपल्या हातात नाही.

आपला फ्यूज पहिल्याच दिवशी न जाता काही दिवसांनी गेला, याचे कारण मला इथे दिसते. जो फ्यूज धक्का सोसण्याच्या सीमेवर असतो, त्याची तार प्रत्येक वेळी वितळण्याच्या जवळ जाऊन परत येते, तिथे ती ताणली जाते, थकते, आणि एखाद्या दिवशी प्रतिकूल क्षणी बटण दाबले गेले की संपते. म्हणजे तो फ्यूज 'टी' म्हणून विकला गेला असला तरी वागायला 'टी' नव्हता, ही पहिली शक्यता. दुसरी शक्यता अशी की फ्यूज ठीक होता आणि अ‍ॅम्पमध्येच बिघाड सुरू झाला आहे: सॉफ्ट स्टार्टचा, म्हणजे सुरुवातीचा धक्का आवरणाऱ्या भागाचा, थर्मिस्टर किंवा रिले गेला आहे, एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरचा एखादा डायोड शॉर्ट आहे, किंवा आउटपुटमध्ये काही झाले आहे. आकडा वाढवण्याचा सल्ला देणाऱ्याने ही दुसरी शक्यता विचारातच घेतली नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. चालू करताच फ्यूज उडणे ही तक्रार आहे. तिचे कारण शोधायच्या आधी तिचे तोंड बंद करणे हा उपाय नव्हे.

कारण शोधणे अवघड नाही. दुरुस्तीच्या टेबलावर आम्ही असा अ‍ॅम्प थेट लाइनवर लावत नाही. सिरीज बोर्डावर लावतो, म्हणजे फेजच्या वाटेत ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब येतो. स्पीकर काढून ठेवलेले असतात. बटण दाबल्यावर बल्ब क्षणभर लख्ख पेटला आणि मग मंदावत जवळजवळ विझला, तर कपॅसिटर भरले आणि मोठा शॉर्ट नाही, असे समजतो. बल्ब तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे. मग फ्यूज कोणताही घातला तरी जाणारच. यासाठी एलईडी बल्ब चालत नाही, आणि उघड्या लाइनवर काम करण्याची सवय नसेल तर हे घरी करू नये. घरी करता येण्यासारखी तपासणी एवढीच: नामांकित कंपनीचा, प्रमाणित 'टी ३.१५ ए एल' फ्यूज बसवा. तो नेहमीच्या वापरात टिकला तर दोष महागड्या फ्यूजचा होता. तोही गेला तर तिसरा न घालता अ‍ॅम्प दुरुस्तीला न्या.

महागड्या फ्यूजची जाहिरात बहुधा धातूबद्दल असते: शुद्ध चांदी, अतिशीत प्रक्रिया केलेली तार, आत कंपने शोषणारा भराव. हे वाचून फ्यूजची तार ही स्पीकरच्या वायरचीच एक धाकटी बहीण असावी असे वाटते. पण फ्यूजची तार वीज उत्तम वाहून नेण्यासाठी नाही, ठरलेल्या वेळी तुटण्यासाठी निवडलेली असते. एखादा साधा काचेचा 'टी' फ्यूज भिंगाखाली धरून पाहा. काहींत गाभ्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली तार दिसते, तर काहींत सरळ तारेच्या मध्यावर कथिलाचा एक बारीक थेंब दिसतो. तो थेंब कारागिराच्या हातून सांडलेला नसतो. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे १,०८५ अंशांना. कथिल मात्र २३२ अंशांनाच वितळते आणि वितळले की तारेचा धातू स्वतःत विरघळवू लागते. त्यामुळे थोड्या पण दीर्घकाळ चाललेल्या ओव्हरलोडला तार कमी तापमानातच तुटते आणि क्षणिक धक्क्याला मात्र, थेंब तापायला वेळ लागत असल्याने, टिकते. 'उशिरा पण खात्रीने' हा स्वभाव त्या थेंबातून येतो. तार बदलली, नळीत भराव टाकला, वरून लेप दिला, तर उष्णता बाहेर पडण्याचा वेग बदलतो आणि त्याबरोबर तुटण्याची वेळही बदलते. काही विक्रेते प्रमाणित कारखान्यात बनलेल्या फ्यूजवरच प्रक्रिया करतात आणि मूळ दाखल्याकडे बोट दाखवतात. तो दाखला मूळ रचनेचा असतो, प्रक्रिया केलेल्या वस्तूला मी तो लागू धरत नाही.

इथे एक गोष्ट ओझरती सांगतो. अमेरिकेतले युएल मानक आणि आयईसी यांची आकडा ठरवण्याची रीतच वेगळी आहे. युएलचा फ्यूज छापील आकड्याच्या १.३५ पट प्रवाहाला तासाभरात तुटला पाहिजे, आणि आयईसीचा फ्यूज दीडपटीला तासभर टिकला पाहिजे. दोन्हींवर ३.१५ लिहिलेले असले तरी ते एक नव्हेत. युरोपीय पद्धतीने आखलेल्या अ‍ॅम्पमध्ये अमेरिकी पद्धतीचा फ्यूज बसवला तर तो विनाकारण उडू शकतो, आणि मग आकडा वाढवण्याचा सल्ला पुन्हा येतो.

सर्वांत कमी चर्चा होते ती ब्रेकिंग कपॅसिटीची. फ्यूजची तार वितळली म्हणजे प्रवाह थांबला असे नाही. दोन टोकांमध्ये ठिणगीचा कमान-झोत उभा राहतो आणि तो विझवता आला तरच सर्किट तुटते. छापील अक्षरांतला शेवटचा 'एल' म्हणजे कमी ब्रेकिंग कपॅसिटी: ३५ अँपियर किंवा आकड्याच्या दहापट, यांपैकी जे जास्त असेल ते. 'एच' म्हणजे जास्त, १,५०० अँपियर. 'एच' फ्यूज बहुधा चिनी मातीच्या नळीचा असतो आणि आत झोत विझवणारी क्वार्ट्झची वाळू भरलेली असते. आता आपल्या घरातला हिशेब पाहा. वीजपुरवठ्याच्या रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरपासून आपल्या सॉकेटपर्यंतच्या लाइनचा एकूण रोध अर्धा ओहम धरला, तर थेट शॉर्टमध्ये ४६० अँपियर वाहू शकतात. एक ओहम धरला तरी २३०. यंत्रातल्या ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे शॉर्ट झाला तर तो ट्रान्सफॉर्मरच प्रवाह अडवून धरतो, म्हणून 'एल' फ्यूज बहुतेक वेळा पुरतो. पण लाइनवर बसवलेला सर्ज शोषणारा व्हॅरिस्टर शॉर्ट झाला तर मधे अडवणारे काहीच नसते. मृगाच्या तोंडावर माळव्यात विजांचा जो कडकडाट होतो, त्यानंतरच्या आठवड्यात असे अ‍ॅम्प दुकानात येतात, आणि त्यांचे फ्यूज पाहण्यासारखे असतात. साध्या ओव्हरलोडने गेलेल्या फ्यूजची काच स्वच्छ असते, तारेत बारीकशी फट दिसते. शॉर्टने गेलेल्याच्या काचेला आतून आरशासारखा चकचकीत किंवा काळा लेप चढलेला असतो, कारण तारेची वाफ होऊन ती काचेवर बसलेली असते. आणि झेपण्यापलीकडचा प्रवाह आला असेल तर काच फुटलेली आणि होल्डर करपलेला असतो. ज्या फ्यूजवर 'एल' किंवा 'एच' यांपैकी काहीच छापलेले नाही, तो या तिसऱ्या प्रसंगात काय करील हे सांगायला कोणताही आधार नाही. ओव्हरलोडची चाचणी मी माझ्या टेबलावर कमी व्होल्टेज आणि जास्त प्रवाहाचा ट्रान्सफॉर्मर लावून करू शकतो. ब्रेकिंग कपॅसिटीची चाचणी मी करू शकत नाही, आणि कोणीही घरी करू नये.

हा आक्षेप फक्त महागड्या वस्तूंवर आहे असे समजू नये. महाराणी रोडवर किंवा जेल रोडवर सुट्या डब्यातून उचललेला, टोपीवर नुसता '३ए' ठोकलेला फ्यूज आणि मखमली डबीतून येणारा बाणवाला फ्यूज हे माझ्या लेखी एकाच माळेचे मणी आहेत. दोघांवरही कारखान्याची खूण, व्होल्टेज, स्वभावाचे अक्षर, ब्रेकिंग कपॅसिटीचे अक्षर आणि प्रमाणन संस्थेची मुद्रा नाही. जुन्या अ‍ॅम्पमध्ये ६.३ गुणिले ३२ मिमीचे लांब फ्यूज येतात, त्यांत तर गाडीसाठीचे ३२ व्होल्टचे फ्यूजही बिनबोभाट बसतात. तांब्याची तार गुंडाळलेले फ्यूज अजूनही पाहायला मिळतात, त्यांच्याबद्दल काही लिहिण्याची गरज नसावी.

इथपर्यंतचे एकत्र करून सांगायचे तर आकडा, अक्षर, व्होल्टेज आणि ब्रेकिंग कपॅसिटी या चारही गोष्टी छापील सूचनेप्रमाणे जुळल्या पाहिजेत, आणि त्या जुळतात असे विक्रेत्याखेरीज दुसऱ्या कोणी तरी तपासून लिहून दिलेले असले पाहिजे. ही अट पूर्ण करणारा फ्यूज महाग असला तरी माझी हरकत नाही. पैसे आपले आहेत.

आता आवाज. ३.१५ अँपियरच्या साध्या फ्यूजचा थंड असतानाचा रोध वीस-तीस मिलीओहमच्या घरात असतो. बोर्डापासून सॉकेटपर्यंत २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर १५ मीटर गेली असेल, तर फेज आणि न्यूट्रल मिळून ३० मीटर होते, आणि मीटरला ७.४ मिलीओहम या दराने तिचा रोध सुमारे २२० मिलीओहम भरतो. म्हणजे फ्यूजचा रोध समूळ नाहीसा केला तरी जो लाभ होईल, तो सॉकेट बोर्डाच्या दिशेने दोन मीटर सरकवल्याने होणाऱ्या लाभाएवढा आहे. २ अँपियर वाहत असताना फ्यूजवर ०.०६ व्होल्ट पडतात. पुरवठा २३० व्होल्टच्या दहा टक्के वरखाली, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्टमध्ये कुठेही असू शकतो, आणि माझ्या टेबलावरचा मीटर दुपारी व रात्री दहा-पंधरा व्होल्टांचा फरक सहज दाखवतो. ०.०६ व्होल्टांनी अमीर खाँसाहेबांचा मंद्र षड्ज अधिक भरदार होत असेल, तर पहाटे आणि संध्याकाळी तो दोन वेगळ्या गायकांचा वाटायला हवा. बाणाच्या दिशेबद्दल इतकेच म्हणतो की, या फ्यूजमधून वाहणारा प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलतो. तो बाण कोणत्या शंभराव्या हिश्श्यासाठी आहे, हे मला आजवर कोणी सांगू शकलेले नाही.

तरीही 'फ्यूज बदलल्यावर फरक जाणवला' असे प्रामाणिकपणे सांगणारे लोक मला भेटतात आणि ते खोटे बोलतात असे मला वाटत नाही. एक कारण मला वारंवार दिसले आहे: होल्डर. वर्षानुवर्षे न हललेल्या फ्यूजच्या टोप्यांवर आणि होल्डरच्या स्प्रिंगवर काजळी धरते, स्प्रिंग सैल होते, आणि तिथला रोध फ्यूजच्या रोधापेक्षा कितीतरी वाढतो. फ्यूज काढताना-घालताना ती जागा घासली जाते आणि चांगला संपर्क होतो. हे काम जुनाच फ्यूज काढून, टोप्या पुसून परत बसवल्यानेही होते. सैल होल्डरला तसेच सोडणे मात्र धोक्याचे आहे, कारण तो तापतो आणि चांगल्या फ्यूजलाही अवेळी घालवतो. आपल्याला स्वतः खात्री करायची असेल, तर दोन्ही फ्यूज प्रमाणित आणि एकाच आकड्याचे घ्या, बदलण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगा, कोणता बसवला हे त्यांनी सांगू नये, आणि आपण फक्त ऐकून लिहून ठेवा.

फ्यूज दुसऱ्या जागी असेल तर माझे उत्तर थोडे बदलते, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. काही जुन्या अ‍ॅम्पमध्ये फ्यूज थेट स्पीकरच्या वाटेत असतो. तिथे संगीताचाच प्रवाह त्यातून जातो, खर्जाच्या लांब स्वरांबरोबर तार तापते-निवते, तिचा रोध तसा बदलतो, आणि त्यातून मोजता येईल अशी विकृती निर्माण होते. पण ती तारेच्या तापण्यामुळे आहे, धातूच्या खानदानामुळे नाही. म्हणून नवीन रचनांत तिथला फ्यूजच काढून त्याच्या जागी रिले आणि प्रोटेक्शन सर्किट आले. दुसरी जागा म्हणजे रेक्टिफायरनंतरच्या अधिक आणि उणे रेलवरचे, म्हणजे डीसी पुरवठ्याच्या दोन वाटांवरचे, फ्यूज. तिथला प्रवाह डीसी असतो, शून्यातून जात नाही, म्हणून झोत विझणे अधिक अवघड असते. २५० व्होल्ट एसीचा छाप पाहून फ्यूज डीसीलाही तेवढाच चालेल असे धरू नये. शिवाय दोन रेलपैकी एकच फ्यूज उडाला तर प्रोटेक्शन नसलेल्या अ‍ॅम्पमध्ये स्पीकरवर डीसी जाऊ शकते. त्या जोडीत एक साधा आणि एक महागडा असा प्रयोग करू नये. अ‍ॅम्प न उघडता या जागी हातही पोचत नाही, आणि पोचवूही नये: १०,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० व्होल्टला भरलेला असतो तेव्हा प्लग काढल्यावरही त्यात साडेबारा ज्यूल ऊर्जा असते, आणि व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये तर कित्येकशे व्होल्ट असतात.

अमेरिकेहून किंवा जपानहून जुना अ‍ॅम्प आणलेल्यांसाठी एक पोटप्रश्न याच विषयात येतो. १२० व्होल्टवर चालणाऱ्या अ‍ॅम्पचा फ्यूज २३० व्होल्टच्या त्याच अ‍ॅम्पच्या साधारण दुप्पट आकड्याचा असतो, कारण तेवढ्याच शक्तीसाठी दुप्पट प्रवाह लागतो. ट्रान्सफॉर्मरची जोडणी बदलून अ‍ॅम्प २३० वर आणला जातो आणि ६.३ अँपियरचा फ्यूज तसाच राहतो. तो कधीच उडत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपला अ‍ॅम्प कोणाकडून वापरलेला घेतला असेल, तर पाठीवरचे छापील व्होल्टेज आणि आकडा दोन्ही एकदा ताडून पाहा.

आपण आता एवढे करावे असे मी सुचवीन. अ‍ॅम्पचे बटण बंद करून प्लग सॉकेटमधून पूर्ण काढावा. नुसते भिंतीवरचे बटण बंद करणे पुरत नाही, कारण आपल्याकडे फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सॉकेट कमी नाहीत. पाठीमागच्या पॉवर सॉकेटखाली फ्यूजचा छोटा खण असेल, तो बारीक पेचकसाने उचलून बाहेर येतो, आणि त्यात कधी कधी कारखान्याने ठेवलेला राखीव फ्यूजही मिळतो. तो नसेल तर लिटलफ्यूज, शुर्टर किंवा ईटन बुसमन अशा कंपनीचा 'टी ३.१५ ए एल, २५० व्ही' मागवावा. माहितीपत्रकात वेळ आणि प्रवाह यांचा आलेख दिलेला असावा आणि टोपीवरची अक्षरे भिंगाखाली वाचता यावीत. किंमत फार नसते; बनावट माल टाळण्यासाठी इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या अधिकृत वितरकाकडून दहाचे पाकीट घेणे बरे. 'एल' ऐवजी 'एच' बसवण्याचा मोह होईल, पण टी-एच प्रकाराला २.१ पट प्रवाहावर दोन मिनिटांऐवजी तीस मिनिटांपर्यंत मुभा असते, म्हणून तो बदल अ‍ॅम्पच्या निर्मात्याला विचारूनच करावा. उरलेले पैसे आवाजासाठीच खर्च करायचे असतील तर सॉकेटचे अर्थिंग तपासून घ्या, विशेषतः वैशाखात जमीन कोरडी पडते तेव्हा, आणि अ‍ॅम्प वीस-पंचवीस वर्षांचा असेल तर फिल्टर कपॅसिटर मोजून घ्या. त्यांतला फरक ऐकायला डोळे मिटावे लागत नाहीत.

उडालेला महागडा फ्यूज टाकून दिला नसेल तर ठेवा. नळी काचेची असेल तर ती स्वच्छ आहे, चकचकीत झाली आहे की काळी पडली आहे, हे उजेडात पाहून कळवा. चिनी मातीची असेल तर दोन्ही टोकांना मीटर लावून तो खरोखर तुटला आहे ना, एवढे पाहा. सोबत अ‍ॅम्पचे मॉडेल, त्याच्या पाठीवरचे छापील व्होल्टेज आणि बटण दाबल्यावर अर्ध्या-एक सेकंदाने रिलेचा 'टक' असा आवाज येत होता की नाही, हेही लिहा. त्यावरून सॉफ्ट स्टार्टकडे पाहावे लागेल की नाही, हे बरेचसे सांगता येईल.